खो मिळेपर्यंत

आमच्या ऑफिसच्या टीमची धाव उशिरा का सुटते, हे शोधून काढायला सगळ्यांना दीड-दोन महिने लागले. मला पहिल्याच शनिवारी कळलं होतं. मी सांगितलं नाही. का नाही सांगितलं तेच लिहायला बसले आहे, आणि उगाच साखर घोळून लिहिणार नाही. मला एका मुलीचा हेवा वाटत होता. तिच्या बुटांच्या नाड्या नीट बांधलेल्या दिसल्या तरी पोटात दुखावं, इतका.

आमचं ऑफिस चेन्नईत, पेरुंगुडीला. काम अमेरिकेतल्या एका कंपनीसाठी चालतं. तिथून वर्षभरासाठी आलेल्या मॅनेजरबाईंनी जाताना आमच्यासाठी दोन गोष्टी मागे ठेवल्या. एक कॉफीचं यंत्र, जे पंधरा दिवसांत बिघडलं, आणि दुसरा फ्लॅग फुटबॉल. सोललेल्या नारळाच्या आकाराचा चेंडू, एका बाजूला पाच जणी, प्रत्येकीच्या कमरेच्या पट्ट्याला लटकवलेल्या दोन फिती. चेंडू जिच्या हातात आहे तिची फीत समोरच्यांनी ओढली की खेळ तिथंच थांबतो. मधली खेळाडू वाकून, दोन पायांमधून चेंडू मागे देते. मागची तो घेते आणि एकतर लांब फेकते, नाहीतर शेजारून पळत जाणारीच्या पोटाशी लावते. ती चेंडू घेऊन जाते, ती धाव. समोरच्या अंतर कापून येईपर्यंत दोन-तीन सेकंद मिळतात. तेवढ्यात निघून जायचं. एवढं कळलं की या खेळातलं बाकीचं कळलं नाही तरी चालतं. आम्हालाही पुष्कळ दिवस कळलं नव्हतं.

पहिलं वर्षभर धावणारी मी होते. चेंडू पोटाशी लावणारी माझी मैत्रीण. ती नाशिकची, मी सांगलीकडची. ऑफिसपासून चालत पंधरा मिनिटांवर आम्ही दोघी एका फ्लॅटमध्ये राहायचो. शनिवारी सकाळी सहाला भाड्याच्या टर्फवर सराव, कारण आठनंतर इथलं ऊन माणसाला उभं राहू देत नाही. सराव झाला की कोपऱ्यावर कॉफी, मग घरी येऊन मटकीची उसळ नाहीतर साधं वरण-भात. इथे आले तेव्हा मला रिक्षावाल्याशी धड भांडताही येत नव्हतं. भाजीवाली काय म्हणते ते कळायचं नाही, आणि तिला माझं कळायचं नाही. टर्फवर मात्र सगळ्या जणी माझ्या नावानं ओरडायच्या. या शहरात माझ्या मालकीची अशी ती एकच जागा होती, मैत्रिणीच्या उजव्या हाताला दोन पावलं मागे.

मी पळण्यात तयार होते त्याचं कारण खो-खो. शाळेपासून कॉलेजपर्यंत दुसरं काही केलंच नाही. जिल्ह्याकडून खेळले. आमच्या मैदानावर शिकवणाऱ्या बाई कडक होत्या. चौकोनात उकिडवं बसायचं, पाठीमागून हात लागला आणि कानावर 'खो' आला, की उठायचं. त्याआधी गुडघा जमिनीवरून नुसता हलला तरी शिट्टी. दोनदा शिट्टी झाली तर बाई मैदानाला पाच फेऱ्या मारायला लावायच्या. सहावीत असताना मी इतक्या फेऱ्या मारल्या, की पुढे आठ-नऊ वर्षांत माझा उठण्याचा फाऊल झाला नाही. बाई नव्या मुलींना माझ्याकडे बोट दाखवून सांगायच्या, बसावं तर हिच्यासारखं. हे कौतुक मी इतकी वर्षं पदरात बांधून फिरत होते.

पहिल्या वर्षी आम्ही बऱ्यापैकी जिंकलो, कारण आसपासच्या ऑफिसांच्या टीमही आमच्यासारख्याच नवशिक्या होत्या. दुसऱ्या वर्षी त्या सुधारल्या. मी चेंडू घेऊन वळेपर्यंत समोरची येऊन ठेपलेली असायची. आमचे कोच म्हणजे ऑफिसच्या ॲडमिनचे सर, पन्नाशीचे, तरुणपणी हॉकी खेळलेले. ते बाजूच्या जाळीला टेकून म्हणायचे, "स्लो, मा. रोम्ब स्लो." म्हणजे फारच संथ. त्यांचा आवाज चढायचा नाही, त्यामुळे मी फार मनावर घेत नव्हते. मला वाटायचं, बाकीच्या चार जणींबद्दल बोलत असतील.

अशात ती आली.

टेस्टिंगच्या टीममध्ये नवी लागलेली, चोवीस-पंचवीसची, किडकिडीत, तेल लावून घातलेली एक वेणी. कँटीनमध्ये आम्ही दोघी मराठीत कुणाची तरी टर उडवत बसलो होतो. पलीकडच्या टेबलावरून ती उठली आणि डबा हातात घेऊन आमच्यासमोर उभी राहिली.

"तुम्हे कोठल्या, अक्का?" तिनं विचारलं. आम्ही बघतच राहिलो. "आम्हे तंजावरकडचे. घर मांबलमांत. मराठीच बोलतों घरीं."

चेन्नईतल्याच वेस्ट मांबलमला राहणारी, तंजावरच्या मराठी घरातली मुलगी. तिच्या घरातून महाराष्ट्र सुटून किती पिढ्या झाल्या ते तिलाही सांगता येत नव्हतं. बोलायची मराठी, पण सूर तमिळ, आणि मधूनच असा एखादा शब्द यायचा जो मी फक्त शाळेच्या पुस्तकात वाचला होता. तिच्या डब्यात उडदाच्या पिठाचं डांगर होतं. मैत्रिणीनं एक घास घेतला आणि तिचे डोळे भरून आले, तिच्या आजोळी असंच करायचे म्हणून. दुसऱ्या दिवसापासून मैत्रीण फोनमध्ये तिचे शब्द टिपून ठेवायला लागली. घरी आल्यावर मला म्हणायची, "मज भूक लागली." दोन वर्षं मी हिच्याशी मराठी बोलत होते, तेव्हा हिला काही टिपावंसं वाटलं नव्हतं.

आठवड्याभरात मैत्रिणीनंच तिला सरावाला आणलं. मला वाटलं, भरतनाट्यमवाली असेल, दोन फेऱ्यांत दम लागून बसेल. मी तसं बोललेही. ती हसून म्हणाली, नाच नाही शिकली, पाय वाकडे पडतात.

सरांनी तिला सहज म्हणून माझ्या जागेवर उभं केलं. मी जाळीपाशी पाण्याची बाटली घेऊन उभी. मैत्रीण ओरडली, "रेडी, सेट, गो." मधलीनं चेंडू मागे दिला, मैत्रिणीनं तो घेतला, वळली, आणि ती तिथं नव्हतीच. ती आधीच चालू लागली होती. मैत्रिणीचा हात जिथं पोहोचणार होता तिथं ती त्याच वेळी पोहोचली, चेंडू पोटाशी घेतला आणि गेली. कुणाला फितीला हात लावता आला नाही. सर जाळीपासून सरळ झाले.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. आणि त्याच क्षणी मला सगळं स्वच्छ दिसलं. ती 'गो' ऐकून निघत होती. मी चेंडू पोटाला लागल्यावर निघत होते. दीड वर्ष मी तिथं उभी राहून खोची वाट बघत होते. मैत्रीण वळायची, हात लांब करायची, माझ्या पोटाला चेंडू टेकवायची, आणि मग कुठं माझे पाय जागे व्हायचे. तेवढ्यात समोरच्या येऊन उभ्या. आमची धाव उशिरा सुटायचं कारण मी होते, आणि ज्या गोष्टीसाठी बाई माझ्याकडे बोट दाखवायच्या, तेच कारण होतं.

पुढच्या पाळीला 'गो' ऐकल्याबरोबर निघायचं ठरवून मी उभी राहिले. शब्द कानावर आला. पाय हलले नाहीत. मनात मी निघाले होते, गुडघे मात्र बाईंच्या ताब्यात होते. पाच-सहा वेळा करून बघितलं. एकदा जेमतेम अर्धं पाऊल पडलं, तर छातीत धस्स झालं, आता शिट्टी वाजणार म्हणून. बत्तीस वर्षांची बाई मी, आणि पाचशे कोसांवरच्या शिट्टीला घाबरले.

घरी येताना मैत्रीण भारावली होती. "काय पळते गं ती. आणि मला काही करावंच लागत नाही, हात पुढे केला की ती तिथं असते."

"नवखी आहे," मी म्हटलं. "पहिल्या दिवशी सगळ्यांचंच बरं होतं."

"तुला राग आलाय का?"

"मला कशाला राग येईल?" असं म्हणून मी उसळीत मीठ दुसऱ्यांदा घातलं. ते आम्ही दोघींनी मुकाट्यानं खाल्लं.

त्या दिवसापासून माझी जागा तिची झाली, आणि माझा दिवस तिच्यावर सुरू व्हायचा आणि तिच्यावर संपायचा. ती ऑफिसात कधी आली, कुणाजवळ बसली, तिनं मैत्रिणीला काय आणलं. ती मला अक्का म्हणायची, त्याचाही राग. म्हणजे मी म्हातारी. तिची मराठी ऐकून सगळे कौतुक करायचे, तेव्हा मला वाटायचं, ओरडून सांगावं की खरी मराठी माझी आहे, मी तिथून आले आहे. कुणी विचारलं नव्हतं. आयत्या बिळावर नागोबा, असंही मी मनात म्हणून घेतलं. म्हणजे बीळ खणलं तेवढं मीच, आणि मैत्रीण, ती जागा, शनिवारची सकाळ, सगळं त्या बिळातलं.

तिसऱ्या शनिवारी तिच्या हातून चेंडू निसटला. ओला होता, कुणाच्याही हातून निसटला असता. खेळ संपल्यावर ती माझ्याकडे आली. सरांकडे नाही, मैत्रिणीकडेही नाही.

"मज शिकवा, अक्का. चेंडू हातांतून जातो. तुमच्या हातून कधीं पडत नाहीं, म्हणून सर सांगतात."

हे खरं होतं. माझ्या हातून चेंडू पडत नसे, कारण मी दगडासारखी उभी राहून तो घेत असे. मी तिच्याकडे बघितलं. तिच्या कपाळावर घामानं विभूती पसरली होती. तिथं मला सरळ सांगता आलं असतं, कोपर वर ठेव, पोटाशी खोबण कर, झालं. मी म्हटलं, "चेंडू पोटाला लागेपर्यंत पाय हलवायचा नाही. लागला, की मग निघायचं. घाई करतेस म्हणून पडतो."

मी तिला पंधरा मिनिटं शिकवलं. जीव लावून शिकवलं, हे त्यातलं वाईट. तिचे खांदे धरून ठेवले, पाय उचलला की "अंहं" म्हटलं. बाई जशा म्हणायच्या तसंच. मनाला मी समजावलं की मी तिला माझंच ज्ञान देते आहे, मलाही हेच शिकवलं होतं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं झालं. कुणी न विचारता मी घरी आल्याबरोबर मैत्रिणीला सांगितलं, "आज तिला जरा शिकवलं मी."

"तू किती चांगली आहेस," मैत्रीण म्हणाली.

ती मुलगी आज्ञाधारक. पुढच्या शनिवारी ती खांबासारखी उभी राहिली. चेंडू लागला, मग निघाली, आणि दुसऱ्याच पावलावर तिची फीत समोरचीच्या हातात. चेंडू मात्र एकदाही पडला नाही. मी जाळीपाशी उभी राहून टाळ्या वाजवल्या. सरांनी डोकं खाजवलं. असे तीन शनिवार गेले. दोन सामने हरलो. सरांनी धावणं आम्हा दोघींत अर्धं-अर्धं वाटून दिलं, कारण आता दोघी सारख्याच संथ होतो. अर्धी जागा मला परत मिळाली. त्या आनंदात मी ऑफिसात सगळ्यांना मैसूरपाक वाटला, आणि कारण विचारल्यावर भाच्याचा वाढदिवस सांगितला.

मग सरांनी मीटिंग बोलावली. आमचं ऑफिस हे असं. सॉफ्टवेअरमध्ये काही बिघडलं, की आम्ही फळ्यावर माशाचा सांगाडा काढतो, एकेका काट्यावर एकेक कारण लिहितो, आणि मग 'का, का, का' असं विचारत मुळाशी जातो. पाच वेळा 'का' विचारायचा नियम आहे. या कामात मी ऑफिसात पटाईत समजली जाते. तेव्हा मार्कर माझ्याच हातात आला. विषय फळ्यावर सरांनी स्वतः लिहिला, 'धाव उशिरा का सुटते'.

सगळ्यांनी कारणं सांगितली. टर्फचं रबर जुनं झालं. बूट घसरतात. सकाळी पोटात काही नसतं. पेरुंगुडीच्या दलदलीवरून वास येतो, दम कोंडतो. नाचता येईना अंगण वाकडं, पण मी सगळं गंभीरपणे काट्यांवर लिहून घेतलं. मग सरांच्या फोनवरचं सरावाचं चित्रण भिंतीवरच्या पडद्यावर लावलं. फोनही माझ्याच हातात होता. मी ते चित्र बरोबर त्या जागी थांबवलं, जिथं मैत्रिणीचा हात चेंडूसकट लांब झालेला आहे आणि अजून पोटाला लागायचा आहे. एक सेकंद मागून ते चालवलं असतं, तर 'गो' नंतरही थिजलेले धावणारीचे पाय दिसले असते.

"धाव उशिरा का?" मी विचारलं. कुणीतरी म्हणालं, चेंडू उशिरा मिळतो. मी लिहिलं. "चेंडू उशिरा का?" सगळ्यांनी पडद्याकडे बघितलं. हात उशिरा येतो. मी तेही लिहिलं. तिसरा 'का' मी विचारला नाही. मार्करला टोपण लावलं.

मैत्रीण शेवटच्या खुर्चीवर बसली होती. तिनं आपल्या उजव्या हाताकडे बघितलं. सर म्हणाले, दोन आठवडे सराव कर, नाही सुधारलं तर दुसरीला उभं करू, मनावर घेऊ नको. मला हे नको होतं. मला त्या मुलीला मागे ओढायचं होतं, मैत्रिणीला नाही. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ ही म्हण लहानपणी पाठ केली होती, तेव्हा दांडा म्हणजे मी असेन असं वाटलं नव्हतं.

मैत्रीण रोज संध्याकाळी आमच्या हॉलमध्ये सराव करायची. दिवाणावर एक उशी उभी करायची, ती धावणारी. हातात दुसरी छोटी उशी, तो चेंडू. स्वतःच "गो" म्हणायची, वळायची, उशी उशीला लावायची. तीस वेळा, चाळीस वेळा. मी स्वयंपाकघरातून कणीक मळत बघायची. "आत्ता जलद वाटलं का?" ती विचारायची. मी म्हणायची, "हं, जरा." उशी कधी धावत नव्हती, आणि हिच्या ते लक्षात येत नव्हतं.

त्या दोन आठवड्यांतला मधला रविवार. मांबलमच्या त्या मुलीनं आम्हाला घरी जेवायला बोलावलं. मला जायचं नव्हतं, पण मैत्रिणीला एकटीला पाठवायचं त्याहून नव्हतं. दोन खोल्यांचं घर, स्टेशनच्या मागच्या गल्लीत, आईवडील अगत्याचे. वडिलांनी माझं गाव विचारलं, मी सांगितलं, आणि ते हात जोडून बसले, जणू मी देवस्थानाहून आले आहे. माझा अभिमान तिथं थोडा फुगला. खाली उतरलो तेव्हा पाच वाजले होते. दोन इमारतींच्या मधल्या फरशीवर शाळकरी मुली दोरीवर उड्या मारत होत्या. कपडे वाळत घालायची लांब दोरी, दोघी दोन टोकांना धरून फिरवतात, आणि तिसरी मधे शिरते.

"मी इथेंच शिकलें," ती म्हणाली, आणि चपला काढून उभी राहिली. दोरी फिरत होती. ती जमिनीला लागून वर निघाली त्या घडीला ही आत होती. कुणी तिला बोलावलं नाही, कुणी हात लावला नाही. दहा उड्या मारून तशीच बाहेर आली. मग मैत्रीण शिरली, पहिल्यांदा पाय अडकला, दुसऱ्यांदा जमलं, आणि ती इतकी हसली की मला महिनाभरात तिचं हसणं ऐकल्याचं आठवेना.

"अक्का, या."

मी उभी राहिले. दोरी समोरून जात होती, फट्, फट्, फट्. दर वेळी जागा मोकळी व्हायची, आणि दर वेळी मी उभीच. दोरी धरणाऱ्यांपैकी एकीनं तमिळमध्ये दुसरीला काहीतरी म्हटलं, आणि मला ते कळलं नाही ते बरं झालं. मी किती वेळ उभी होते कोण जाणे. मग माझ्या पाठीवर, दोन्ही खांद्यांच्या मधोमध, एक हात टेकला. हलकाच. मी आत शिरले आणि उड्या मारायला लागले.

हात तिचा होता. तिनं तमाशा होऊ न देता ते केलं होतं. बाहेर आल्यावर मैत्रीण त्या मुलींशी बोलत होती तेवढ्यात मी मांबलमच्या मुलीला बाजूला घेतलं.

"चेंडू लागेपर्यंत थांबायचं नसतं," मी म्हटलं. "मी तुला चुकीचं शिकवलं."

"मज ठाऊक आहे, अक्का," ती म्हणाली. "दुसऱ्याच शनवारीं कळलें. थांबलें की उशीर होतो."

"मग का थांबत होतीस?"

ती चपलेत पाय घालत होती. "तुम्हे मोठ्या. तुम्हे सांगितलें तें कसें मोडायचें?" मग थोड्या वेळानं, माझ्याकडे न बघता, "आणि मी हळू गेलें की तुमचा चेहरा बरा व्हायचा."

हे तिनं टोमणा म्हणून म्हटलं असतं तर मी उत्तर दिलं असतं. भांडणात मी कमी नाही. तिनं ते तसंच, हवापाणी सांगावं तसं सांगितलं. महिनाभर मी तिला मागे ओढते आहे असं समजत होते, आणि ती मला बघून स्वतःच मागे राहत होती. पळण्यात मी हरले होतेच. आता चांगुलपणातही ती माझ्यापुढे, आणि त्याचाही मला हेवा वाटला. अशा वेळीसुद्धा.

"आणि माझ्या मैत्रिणीचा हात?" मी विचारलं.

"तें मी सांगणार होतें. पण तुम्हेच सांगाल म्हणून थांबलें."

परतीच्या बसमध्ये मी मैत्रिणीला सगळं सांगितलं. शिकवलेलं, फळ्यावरचं, फोन कुठं थांबवला तेही. ती खिडकीजवळ बसली होती. आमचा थांबा यायच्या जरा आधी तिनं विचारलं, "मी उशी घेऊन हात चालवत होते, ते तू रोज बघत होतीस ना?"

"हो."

"आणि मी विचारलं की म्हणायचीस, जरा जलद वाटलं."

मी मान हलवली. ती उठून दाराशी जाऊन उभी राहिली. पुढचा आठवडाभर ती माझ्याशी इंग्रजीत बोलली. दूध संपलं आहे, कचऱ्याची पिशवी ठेव, सगळं इंग्रजीत. शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं. पेरुंगुडीच्या त्या फ्लॅटमध्ये इतकं परकं मला चेन्नईत आले त्या दिवशीही वाटलं नव्हतं.

सोमवारी मी सरांना मीटिंगची खोली मागितली. माशाचा सांगाडा अजून फळ्यावर होता, कुणी पुसला नव्हता. सगळ्या जणी बसल्या. मी तिसरा 'का' लिहिला, हात उशिरा का? त्याखाली लिहिलं, धावणारी हलत नाही. चौथा, का हलत नाही? खो मिळाल्याशिवाय उठत नाही. मग खो-खो म्हणजे काय ते समजावून सांगावं लागलं, बाईंसकट आणि शिट्टीसकट. पाचव्या 'का'ला मी थांबले. नव्या मुलीला तसंच का शिकवलं? मार्कर हातात घेऊन उभी राहिले आणि शेवटी सरळ तोंडानं सांगितलं, "मला तिचा हेवा वाटत होता." ते फळ्यावर लिहिलं नाही. तेवढी लाज शिल्लक होती.

सरांनी चष्मा पुसला. "सरि," ते म्हणाले, म्हणजे ठीक आहे. मग माझ्याकडे बघून तमिळ-इंग्रजीत म्हणाले, सांगेपर्यंत अजिबात हलायचं नाही, हे तुला इतकं पक्कं जमतं, तर मधे वाकायला तुझ्याइतकं योग्य कोण? आमची मधली नेहमी आधी हलते आणि फाऊल होतो.

आता मी मधे असते. दर शनिवारी सकाळी वाकून चेंडूवर हात ठेवते, मागून शब्द येईपर्यंत माझा केसही हलत नाही. मैत्रीण माझ्याशी पुन्हा मराठीत बोलते. उसळही करतो. पण सरावाला निघताना तिच्या आवाजात एक सावधपणा असतो, आणि मी काही छान झालं म्हटलं, की ती आधी दुसऱ्या कुणाला विचारून खात्री करून घेते. ते माझं मीच कमावलं आहे.

आम्ही आता जिंकतो. मांबलमची ती मुलगी पळते, लोक तिच्या नावानं ओरडतात, आणि मला अजूनही आवडत नाही. ही गोष्ट सांगितली की लोकांना वाटतं, शेवटी मन साफ झालं असेल. नाही झालं. मैत्रीण "गो" म्हणते, मी चेंडू मागे सोडते, आणि जुन्या सवयीनं ओठातल्या ओठात म्हणते, खो. तोंडातून शब्द निघून मी मान वर करेपर्यंत ती मुलगी माझ्या पुढे गेलेली असते.